नवी खरेदी मंडळींपुढे मांडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात आलेले नवे यंत्र कोणाला तरी दाखवल्याशिवाय चैन न पडणारी माणसे प्रत्येक सोसायटीत असतात. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत अशी पंधरा-सोळा निघाली, आणि गेली सहा वर्षे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता ही मंडळी क्लबहाउसमध्ये बसून अलीकडे घेतलेल्या वस्तूंची हकीकत एकमेकांना सांगत आली आहेत. मिक्सर, पंखे, घरघंटी, पॉवर बँक, इस्त्री, क्वचित एखादा फ्रीज (तो अर्थातच फोटोतून) असे बरेच काही येथे येऊन गेले. नव्याने येणारे तेच ते प्रश्न विचारतात आणि टिपणे ठेवण्याचे काम माझ्याकडे आहे, म्हणून उत्तरे एकदाची लिहून काढली आहेत. ती सगळ्यांना पटतीलच असे नाही. तिसऱ्या उत्तरावर तर आमच्यातच दोन तट आहेत.

१. कोणत्या वस्तू मांडता येतात? महागच असाव्या लागतात का?

किमतीची अट नाही आणि विजेवर चालण्याचीही नाही. घरात रोज राबणारी कोणतीही वस्तू चालते. आजवरची सर्वांत रंगलेली बैठक तांबट आळीतून आणलेल्या, आतून कल्हई केलेल्या पितळी पातेल्यावर झाली होती. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर आणि कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे असे पातेले रिकामे असताना मोठ्या आचेवर ठेवले की कल्हई ओघळून एका कोपऱ्यात कशी गोळा होते, हे पाहायला चार जण क्लबहाउसच्या ओट्याभोवती दाटीवाटीने उभे होते. त्याच पातेल्याला लोहचुंबक चिकटत नाही, म्हणून ते इंडक्शन शेगडीवर चालणार नाही, हेही तेव्हाच दाखवून झाले. तेव्हापासून भांडीखरेदीला निघताना खिशात फ्रीजवरचे चुंबक टाकण्याची सवय आमच्यापैकी निम्म्यांना लागली.

२. हकीकत सांगताना कमीत कमी काय सांगावे?

वस्तू चांगली आहे की वाईट, हे शेवटी सांगितले तरी चालते. आधी ती कोणत्या घरात, कोणत्या कामासाठी आणि कशाच्या जागी आली, हे सांगावे. घरात माणसे किती, आधीचे यंत्र कोणते होते आणि ते का बदलले, नवे यंत्र दिवसातून किती वेळ चालते, पाणी नळाचे आहे की बोअरचे, यंत्राच्या मागच्या किंवा खालच्या पाटीवर छापलेला मॉडेल क्रमांक काय, एवढे समजले की ऐकणारा आपल्या घराशी ताडून पाहू शकतो; ते समजले नाही तर 'एकदम मस्त आहे' या शब्दांवर त्याला काहीही ठरवता येत नाही.

हे आम्ही एका मिक्सरवरून शिकलो. दोघांकडे एकच ७५० वॅटचा मिक्सर, मॉडेलसुद्धा तेच. एक जण त्याची तोंड भरून स्तुती करत होता, तर दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना तो परत द्यायचा होता. खोदून विचारल्यावर उलगडा झाला. पहिल्याच्या घरी चार माणसे, आणि मिक्सरवर काम म्हणजे शेंगदाण्याचे कूट, ओल्या नारळाचे वाटण आणि कधीमधी सुक्या खोबऱ्याची चटणी. काकूंकडे आठ माणसे, दर शनिवारी इडलीचे पीठ, आणि भिजवलेली उडदाची डाळ त्या कमी पाणी घालून सलग दहा-बारा मिनिटे वाटत. डाळ घट्ट होत गेली की मोटर तापे आणि तळाशी असलेले लाल बटण उडून मिक्सर बंद पडे. ते बटण मोटर जळू नये म्हणूनच असते, आणि सलग किती वेळ चालवावे याची मर्यादा पुष्कळ मिक्सरच्या पाटीवर छापलेलीही असते. थोडक्यात, मिक्सर दोघांकडेही ठीकच होता. काकूंना खरी गरज वेट ग्राइंडरची होती आणि पुढे त्यांनी तोच घेतला.

३. वस्तू आल्यावर किती दिवसांनी सांगावे?

एका तटाचे म्हणणे असे की खोके उघडल्या उघडल्या, उत्साह ताजा असताना सांगावे, कारण जोडणी करताना आलेल्या अडचणी नंतर आठवत नाहीत. दुसऱ्या तटाच्या मते तीन महिने वापरल्याशिवाय बोलूच नये. मी दोन्ही तटांना दुखावून दोनदा सांगण्याचा नियम घातला आहे. पहिल्या महिन्यात एकदा, आणि सहा महिन्यांनी पुन्हा एकदा, तेवढ्याच तपशिलात. दुसऱ्या वेळची हकीकत ऐकायला गर्दी कमी असते, पण माझ्या वहीत जास्त खुणा त्याच हकीकतींपुढे केलेल्या आहेत.

दसऱ्याला घेतलेल्या झाडू मारणाऱ्या रोबोचे उदाहरण देतो. पहिल्या बैठकीत त्याचे मालक नकाशा कसा काढतो, चार्जिंगला आपण होऊन कसा परततो, हे दाखवण्यात गढून गेले होते. आल्या दिवशी यंत्राला हळदकुंकू वाहून झेंडूचे फूल ठेवले होते आणि ते फूल त्यानेच गिळले, ही गोष्टही खूप हशा मिळवून गेली. सहा महिन्यांनी चित्र पालटले होते. जेमतेम दोन सेंटीमीटरचा उंचवटा चढणारे ते यंत्र स्वयंपाकघराच्या दगडी उंबरठ्यापाशी रोज अडत होते, दारातली रांगोळी त्याने दोनदा पुसली होती, आणि घरातल्या बायकांच्या लांब केसांचा गुंता ब्रशमधून काढायला दर रविवारी कात्री लागत होती. तरीही ते त्यांना हवेच आहे, कारण पलंगाखालची धूळ आता त्यांना वाकून काढावी लागत नाही. निकाल बदलला नाही, पण हे सगळे कळल्यावर आमच्यापैकी ज्यांच्या घराला उंबरठे आहेत ते सावध झाले.

४. किंमत सांगणे बंधनकारक आहे का?

नाही. पण सांगायची असेल तर हातातून प्रत्यक्ष गेलेली रक्कम सांगावी, आणि सोबत तारीखही. छापील किमतीला अर्थ नसतो. जुने यंत्र बदल्यात दिले असेल किंवा विशिष्ट बँकेच्या कार्डावर सूट मिळाली असेल, तर तीही वेगळी काढून सांगावी, नाहीतर ऐकणारा दुकानात जाऊन उगाच वाद घालतो.

तारखेचे महत्त्व तर २०२५ मध्ये सगळ्यांनाच कळले. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसी, डिशवॉशर आणि ३२ इंचांपेक्षा मोठे टीव्ही यांच्यावरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे गणपतीत एसी घेतलेला आणि दिवाळीत एसी घेतलेला यांच्या आकड्यांची तुलना करून कोणाला दुकानदाराने फसवले, असा निष्कर्ष काढण्यात काही हशील नाही. बाकी पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा किंवा धनत्रयोदशी यांच्या आसपास घेतलेल्या वस्तूचा मुहूर्तही आवर्जून सांगतात. तो श्रद्धेसाठी असला तरी त्यावरून सवलतींचा हंगाम कोणता होता हे आम्हाला समजते.

५. पाच स्टार आहे, एवढे सांगितले तर पुरत नाही का?

पुरत नाही, आणि याची कारणे नीट समजून घेण्यासारखी आहेत. तारे देते ती ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो ठरावीक वर्षांनी निकष कडक करते. त्यामुळे काही वर्षांपूर्वीचा पाच तारे मिळवलेला एसी आज तपासला तर त्याला कदाचित तीनच मिळतील. लेबलवर ते कोणत्या कालावधीसाठी आहे हे छापलेले असते. तो कालावधी आणि त्याखालचा वार्षिक युनिटांचा आकडा वाचून दाखवावा. एसीच्या बाबतीत तो आकडा वर्षाला १,६०० तास वापर धरून काढलेला असतो. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत रात्री सात-आठ तास एसी लावणाऱ्या घराचा वापर पाच-सहाशे तासांच्या पुढे क्वचितच जातो, नागपुरातल्या घराचा मात्र सहज जातो. म्हणून तीन आणि पाच ताऱ्यांच्या किमतीतला फरक भरून निघायला दोघांना लागणारी वर्षे वेगळी.

छताच्या पंख्यांना १ जानेवारी २०२३ पासून हे लेबल सक्तीचे झाले आणि त्यानंतर आमच्याकडे बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या, कमी वीज घेणाऱ्या मोटरच्या पंख्यांची रीघ लागली. येथे हिशोब सोपा आहे. जुना पंखा पूर्ण वेगावर ७५ वॅट घेत होता, नवा २८ वॅट घेतो. फरक ४७ वॅट. दिवसाला १२ तास आणि वर्षातले ३०० दिवस धरले तर एका पंख्यामागे सुमारे १६९ युनिटे वाचतात. त्याचे रुपये करताना मात्र जवळजवळ प्रत्येक जण बिलातल्या सरासरी दराने गुणतो आणि तेथे चुकतो. घरगुती बिलात शंभर, तीनशे, पाचशे असे टप्पे असतात आणि वरच्या टप्प्याचा दर चढा असतो. महिन्याला ३४० युनिटे वापरणाऱ्याची वाचलेली पहिली ४० युनिटे सर्वांत महाग टप्प्यातली असतात, तर ९० युनिटे वापरणाऱ्याची सगळीच स्वस्त टप्प्यातली. त्यामुळे एकच पंखा एका घरात लवकर वसूल होतो आणि दुसऱ्यात रेंगाळतो. तेव्हा पंख्याविषयी बोलायला येताना विजेचे बिल घेऊन यावे. आणि हो, रिमोट हरवला तर पंखा कसा चालवायचा, तेही सांगावे. हा प्रश्न हमखास येतो.

६. वीज स्वतः मोजलीच पाहिजे का?

मोजलीत तर तुमच्या बोलण्याला वजन येते. प्लग आणि यंत्र यांच्यामध्ये लावायचा वॅटमीटर आमच्या बैठकीच्या सामानात आहे. तो नाव लिहून आठवडाभर घरी नेता येतो. १६ अँपिअरपर्यंतच्या यंत्रांना तो चालतो, म्हणजे घरातल्या बहुतेक सगळ्यांना. मी त्यावर पहिल्यांदा माझा सेट-टॉप बॉक्स लावला होता. टीव्ही बंद, बॉक्सचा दिवा तांबडा, आणि तरी मीटरवर ९ वॅट. वर्षाला जवळजवळ ७९ युनिटे नुसती उभ्या उभ्या जात होती. त्या रात्रीपासून आमच्याकडे झोपताना भिंतीवरचे बटण बंद होते आणि सकाळी बॉक्स सुरू व्हायला वेळ लागतो म्हणून माझे वडील रोज मला बोल लावतात.

गिझरचा हिशोब कागदावरही करता येतो. १५ लिटर पाणी २२ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला साधारण ०.५८ युनिट लागते, आणि दोन किलोवॅटच्या कांडीला त्यासाठी सतरा-अठरा मिनिटे पुरतात. तुमच्या मीटरवर यापेक्षा थोडे जास्त दिसेल. दुप्पट दिसत असेल तर टाकीत काहीतरी बिघडले आहे किंवा कोणीतरी दिवसभर बटण चालू ठेवत आहे.

७. गिझर, वॉशिंग मशिन किंवा पाण्याचा फिल्टर मांडताना पाण्याविषयी एवढे का विचारता?

कारण या तिन्ही यंत्रांचे आयुष्य पाणीच ठरवते. आमच्या सोसायटीला महापालिकेचे पाणी येते तेव्हा खिशातल्या टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटरवर आकडा दीडशेच्या आत राहतो. मे महिन्यात टँकर सुरू झाले की तोच आकडा सातशेच्या पुढे जातो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. याचा अर्थ वर्षातले दहा महिने आम्हाला आरओची गरजच नाही, आणि तरीही घराघरांत तो चालू राहून गाळलेल्या पाण्यापेक्षा जास्त पाणी मोरीत सोडतो. ज्यांनी अलीकडे आरओ घेतला आहे त्यांनी टाकाऊ पाण्याच्या नळीखाली बादली ठेवून दोन्ही पाणी मोजून आणावे. ही आमची अट आहे आणि ती शिथिल होणार नाही.

गिझरमध्ये मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकीचे पोलाद गंजण्याऐवजी ती स्वतः झिजत जाते, आणि संपली की गंज टाकीकडे वळतो. गेल्या डिसेंबरात आमच्यातल्या एकाने दोन वर्षांच्या गिझरची कांडी प्लंबरकडून काढून घेतली आणि स्टीलच्या ताटलीत ठेवून आणली. नवी कांडी अंगठ्याएवढी जाड असते. ताटलीत होती ती मधली तार, तिला जागोजाग चिकटलेला पांढरा, खडबडीत चुरा, आणि बाजूला हीटरवरून खरवडलेल्या क्षारांच्या खपल्यांची वाटीभर रास. एरवी बडबडणारी मंडळी ती ताटली हातोहात फिरवताना गप्प होती. पुढच्या आठवड्यात त्या प्लंबरला सोसायटीत नऊ घरची कामे मिळाली.

एक गैरसमज येथेच दूर करतो. आठ बार दाबाचा गिझर वरच्या मजल्यांना लागतो, असे सर्रास सांगितले जाते. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब दर दहा मीटर उतारामागे साधारण एक बार वाढतो, म्हणजे तो तळमजल्याकडे जास्त असतो. वरच्या मजल्यांवर दाब वाढतो तो पंप बसवला असेल तरच. म्हणून गिझर दाखवताना मजला सांगावा, आणि टाकी गच्चीवर आहे की पंपाने थेट पुरवठा होतो, तेही सांगावे.

८. घरघंटी मांडायची आहे. पण ती उचलून आणणार कशी?

आणू नये, पीठ आणावे. दोन डबे आणावेत, एकात घरचे आणि एकात कोपऱ्यावरच्या गिरणीचे, धान्य मात्र एकाच पोत्यातले. चिठ्ठ्या डब्यांच्या तळाला चिकटवाव्यात म्हणजे कोणते कोणते हे हात लावणाऱ्याला कळत नाही.

मार्चमधल्या बैठकीत ज्वारीच्या पिठावर हा प्रयोग झाला. घरघंटी एक अश्वशक्तीची, म्हणजे ७४६ वॅटची. दोन किलो ज्वारीला बारीक जाळीवर चौदा मिनिटे लागली आणि मोबाइलवर आवाज ८२ डेसिबल दाखवत होता, जो खालच्या मजल्यावरच्यांनी वेगळा कळवलाच. गिरणीत धान्य दगडांमध्ये भरडले जाते, तर घरघंटीत ते पोलादी पात्यांच्या माऱ्याने फुटून जाळीतून खाली येते, आणि हा फरक चिमटीत जाणवतो. घरचे पीठ एकसारखे पण किंचित रवाळ होते, गिरणीचे मऊ आणि स्पर्शाला कोमट. तेराव्या मजल्यावरच्या आजींनी दोन्ही पिठे डोळे मिटून चिमटीत चोळली आणि घरचे कोणते ते अचूक सांगितले. मग त्यांनीच दोन्हींच्या भाकऱ्या थापल्या. गिरणीच्या पिठाची भाकरी त्या दिवशी सरस झाली. पण तीच पिठे डब्यात ठेवून पंधरा दिवसांनी पुन्हा थापली तेव्हा दोन्हींची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली, दोन्ही भाकऱ्या कडेला चिरलेल्या. आजींचे म्हणणे असे पडले की घरघंटीचा उपयोग पीठ चांगले निघण्यात नसून हवे तेव्हा अर्धा किलो ताजे दळण्यात आहे, आणि आठवड्याला एकदाच दहा किलो दळणार असाल तर पैसे वाया गेले. घरघंटीविषयी यापेक्षा नेमके काही मी कोणाकडून ऐकलेले नाही.

जाळीच्या क्रमांकाचा उल्लेख जरूर करावा. भाजणीची जाळी आणि भाकरीच्या पिठाची जाळी वेगळी लागते, आणि पुष्कळ जण पहिले सहा महिने एकाच जाळीवर सगळे दळून मग यंत्राला दोष देतात.

९. पॉवर बँक आणि इन्व्हर्टर यांच्या खोक्यावरचे आकडे वाचून दाखवले तर चालेल का?

वाचावेत, पण फोड करून. २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक म्हणजे आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टला गुणून ७४ वॅट-तास. फोनला देताना त्यातला सहावा-सातवा हिस्सा उष्णतेत जातो. त्यामुळे ५,००० मिलिअँपिअर-तासांचा फोन चार वेळा भरेल हे गणित फसते. तीन वेळा आणि वर थोडा, एवढेच हाती लागते. विमानप्रवासात १०० वॅट-तासांपर्यंतची पॉवर बँक सोबतच्या बॅगेत नेता येते, चेक-इन सामानात मात्र टाकता येत नाही. तिच्यावरचा नोंदणी क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून पाहावा आणि काय निघाले ते बैठकीत सांगावे. रस्त्यावरच्या स्वस्त पॉवर बँका घेऊन येणाऱ्यांची यात बऱ्याचदा पंचाईत झाली आहे.

इन्व्हर्टरच्या १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीतही तसेच. १२ व्होल्टने गुणले तर १,८०० वॅट-तास होतात, पण शिसे-आम्लाच्या बॅटरीची ही क्षमता वीस तासांत सावकाश रिकामी करण्याच्या हिशोबाने मोजलेली असते. ३०० वॅटचा भार टाकला की सहा तासांची अपेक्षा साडेतीन-चार तासांवर येते. पाणी शेवटचे कधी घातले, हे आम्ही विचारतोच, आणि उत्तर बहुधा शांततेत मिळते.

१०. इंडक्शन, एअर फ्रायर किंवा हीटर आणून तेथेच चालवून दाखवता येईल का?

येईल, पण एका वेळी एकच, आणि भिंतीवरच्या मोठ्या तीन पिनांच्या सॉकेटवर. दोन हजार वॅटची शेगडी जवळजवळ नऊ अँपिअर ओढते. सहा अँपिअरच्या एक्स्टेंशन बोर्डवर ती लावून एकदा क्लबहाउसची वायर वितळलेली आहे.

११. दुकानदार ओळखीचा आहे किंवा वस्तू फुकट मिळाली आहे. तरीही सांगू का?

अवश्य, पण हे नाते पहिल्या वाक्यात सांगून. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे जाहिरातीत वस्तूची शिफारस करणाऱ्याने विक्रेत्याशी असलेला आर्थिक संबंध उघड केला पाहिजे, आणि त्याच वर्षी भारतीय मानक ब्यूरोने ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणले. आमची बैठक काही जाहिरात नव्हे. पण शेजारी शेजाऱ्यावर जेवढा विसंबतो तेवढा तो जाहिरातीवर विसंबत नाही, तेव्हा आमच्याकडे हा नियम त्याहून कडक असावा असे मला वाटते.

१२. वस्तू खराब निघाली तर कंपनीचे नाव घ्यावे का?

समोरासमोर सांगताना नाव घ्या, पण तारखांसकट. 'बोगस निघाली' याला काही अर्थ नाही. माझ्या स्वतःच्या वॉशिंग मशिनचा ड्रम चौदाव्या महिन्यात, कपडे पिळताना, रिकाम्या एसटीसारखा खडखडू लागला. हमी दोन वर्षांची होती. तंत्रज्ञ चार वेळा आला आणि चारही वेळा 'आवाज तर येणारच' असे म्हणून गेला. प्रत्येक भेटीची तारीख, तक्रार क्रमांक आणि आवाजाची चित्रफीत मी जपून ठेवली होती. ती घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली तेव्हा अकराव्या दिवशी बेअरिंग बदलून मिळाले. बैठकीत मी तो सगळा तारीखवार कागद वाचून दाखवला. त्यावरून तिघांनी यंत्राची निवड बदलली नाही, पण वाढीव हमी मात्र तिघांनीही घेतली.

१३. परदेशातल्या नातेवाइकांसाठी घेतलेल्या किंवा तिकडून आणलेल्या वस्तूंचे काय?

आधी पाटीवरचे व्होल्ट वाचा. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. फोन-लॅपटॉपच्या चार्जरवर १०० ते २४० असे लिहिलेले असते आणि ते दोन्हीकडे चालतात. मिक्सर चालत नाही. न्यू जर्सीतल्या बहिणीला पुरणासाठी येथला मिक्सर हवा असेल तर भारतीय कंपन्यांचीच ११० व्होल्टची मॉडेले मिळतात, ती घ्यावीत. येथला मिक्सर आणि सोबत विटेएवढा ट्रान्सफॉर्मर पाठवण्याचा उद्योग आमच्यातल्या एकाने करून पाहिला आहे आणि तो ट्रान्सफॉर्मर आता तिच्या गॅरेजचे दार उघडे धरायला वापरतात. पुरणयंत्राला मात्र वीज लागत नाही, याची आठवण करून द्यावीशी वाटते.

१४. लोक म्हणतील मिरवतो आहे. किंवा दृष्ट लागेल.

थोडे मिरवणे गृहीतच आहे. त्याशिवाय रविवारी सकाळी दहाला कोण येईल? दृष्टीसाठी क्लबहाउसच्या दाराला लिंबू-मिरची बांधलेली आहे.

१५. बिल दाखवायचे असेल तर?

नाव, फोन क्रमांक, पत्ता आणि यंत्राचा अनुक्रमांक झाकून दाखवावे. अनुक्रमांक उघडा राहिला तर दुसराच कोणी तुमच्या हमीवर दावा नोंदवू शकतो. मूळ बिलाचा फोटो मात्र त्याच दिवशी काढून ठेवा, कारण उष्णतेवर छापलेली दुकानातली पावती पाकिटात वर्षभरात कोरी होते.

१६. नवी वस्तू आली, जुनीचे काय करू? बैठकीत कोणाला देता येईल का?

चालू असेल तर जरूर. माझा जुना मिक्सर आता सोसायटीच्या सुरक्षारक्षकाच्या घरी आहे. देताना दोष लपवू नये. बंद पडलेली असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी विचार करा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार जुन्या यंत्रांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्थाही ई-कचरा गोळा करते. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी दुकानदार वजनावर परत घेतो. नवीच्या किमतीतून ती वजा झाली की नाही हे पावतीवर पाहावे.

१७. खोके किती दिवस ठेवावे?

परत करण्याची मुदत संपेपर्यंत थर्माकोलसकट, त्यानंतर फक्त मॉडेल क्रमांक छापलेली बाजू कापून. टीव्हीचे खोके घर बदलताना लागते म्हणून ते ठेवायला हरकत नाही. माझ्या माळ्यावर मात्र अकरा खोकी आहेत, त्यातली दोन कशाची होती हे आता आठवत नाही, आणि पुढच्या दुसऱ्या रविवारी ती उघडून बघण्याचे घरातून फर्मान निघाले आहे.